फोडायचं नाही

आधीच सांगून टाकते. भाई गेले. ज्या कादंबरीची आम्ही दोघांनी वर्षभर वाट बघितली ती बाजारात यायच्या दोन दिवस आधी गेले. त्या कादंबरीतलं एकच वाक्य त्यांना हवं होतं. ते मला कितीतरी दिवस आधी ठाऊक होतं आणि मी ते सांगितलं नाही.

आता कुणी म्हणेल, बाई, सगळं पहिल्याच दमात सांगितलंत, मग पुढं वाचायचं काय? नका वाचू. कुणी जबरदस्ती केलीय? शेवट झाकून ठेवायचा आणि माणसाला तिष्ठत ठेवायचं, या प्रकाराचा मला आता मनापासून तिटकारा आलाय. इतकी वर्षं मी तो नियम पाळला. पाळला कसला, मिरवला. आता नाही पाळत.

मी रेवदंड्याला हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवते. गाव माझं आत, डोंगराकडचं, भातशेतीचं. समुद्र आमच्याकडं बाजाराच्या दिवशी सुक्या बोंबलांच्या रूपानं यायचा, तेवढीच त्याची नि माझी ओळख. नोकरी लागली तेव्हा भाईंच्या घरामागच्या दोन खोल्यांत राहायला आले, ती आजतागायत तिथंच आहे. भाई म्हणजे माझे घरमालक. तरुणपणी जहाजावर इंजिनखोलीत होते, मग आखातात कुठल्याशा कंपनीत पंपांवर, आणि पन्नाशीनंतर कायमचे घरी. मुलगा कतारला. घरात ते आणि भाभी. भाभी मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या. रोजचा पेपर वरच्या नावापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचतात आणि त्यातल्या चुका मला दाखवायला येतात.

मालिकेशी माझी गाठ पडली ती भिंतीतून. मी दहावीचे पेपर तपासत होते आणि पलीकडं हिंदीत कुणीतरी बोंबलत होतं की ऑक्सिजन संपतोय. संपू दे एकदाचा, असं म्हणत मी तणतणत गेले. भाईंनी आवाज कमी केला आणि खुर्ची पुढं सरकवली. म्हणाले, "बाई, दोनच मिंटं बसा. ह्यो कप्तान आता मोठी चूक करनार हाय." मी दोन मिनिटांसाठी बसले आणि दोन तास उठले नाही. पेपर तसेच राहिले.

परदेशी मालिका होती, हिंदीत डब केलेली. आकाशातलं एक जुनाट जहाज, ग्रहाग्रहांवर पाणी पोचवणारं. आत सहा माणसं. राजे नाहीत, लढाया नाहीत. रोज काहीतरी बिघडायचं आणि रोज कुणीतरी ते दुरुस्त करायचं. भाई म्हणायचे, खरं जहाज असंच असतं, अर्धा जन्म गळती शोधण्यात जातो. मला आवडायची ती जहाज हाकणारी बाई. तिला आम्ही सुकाणूवाली म्हणायचो. भाईंचं सगळं लक्ष इंजिन सांभाळणाऱ्या मिस्त्रीवर. भाभी चहा ठेवता ठेवता म्हणायच्या, "ती सा मानसं डब्यात कोंडलेली, नि तुमी दोगं भाईर बसून कोंडलेली."

शेवटच्या भागात जहाजाला आग लागते. सुकाणूवाली आगीच्या बाजूला अडकते. मधलं लोखंडी दार उघडं राहिलं तर सगळेच मरणार, म्हणून मिस्त्री ते लावून घेतो. दाराला एक गोल काच. तिच्यावर पलीकडून सुकाणूवालीचा हात टेकतो. पडदा काळा होतो. पुढचा भाग आलाच नाही. मालिका बंद पडली, का ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. सहा वर्षं आम्ही त्या हातापाशी ताटकळत होतो. लोक हसायचे. हसू देत. त्यांच्या सासवासुनांच्या मालिकांपेक्षा बरं होतं.

फोनवर आमचा एक गट होता. चाळीसएक माणसं, सावंतवाडीपासून जळगावपर्यंतची, बहुतेकांनी एकमेकांची तोंडंसुद्धा पाहिलेली नव्हती. गटाचे कर्तेधर्ते भाई. नियम त्यांनी एकच घातला होता, फोडायचं नाही. कुणी आधी बघितलं, आधी वाचलं, तर तोंड शिवून बसायचं. फोडेल तो तीन महिने गटाबाहेर. एकदा मी शाळेच्या मधल्या सुट्टीत फोनवर लिहून गेले, "बरं झालं, म्हातारा कप्तान मेला एकदाचा." अर्ध्या गटानं तो भाग अजून पाहिलेला नव्हता. भाईंनी मला दोन मिनिटांत बाहेर काढलं. संध्याकाळी घरी आले तर स्वतः दारात उभे, हातात बांगड्यांचा वाटा. म्हणाले, "बाई, राग नको. नियम म्हंजे नियम. आपल्यात काय वाईट न्हाय." मासे मी घेतले, पण राग गेला नाही. तीन महिने त्या माणसानं अंगणात समोरासमोर बसूनही मालिकेचा एक शब्द माझ्याशी काढला नाही. मी तेव्हाच ठरवलं होतं, कधीतरी याची परतफेड करायची.

गेल्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास बातमी आली की मालिकेवर कादंबरी येतेय. ज्यांनी मालिका लिहिली त्यांच्यापैकीच एकानं लिहिलेली, अधिकृत, आणि दार लागल्यानंतर काय झालं ते सांगणारी. गटात नुसता गोंधळ उडाला. ती जगली असणार, ती मेली असणार, तिला दुसऱ्या जहाजानं उचललं असणार. जळगावच्या एकानं तर आगीच्या खोलीत किती हवा उरली असेल त्याचं गणित मांडलं आणि दुसऱ्यानं ते चुकीचं ठरवलं. मग मुखपृष्ठ आलं. गोल काच आणि तिच्यावर हात, बाकी काही नाही. झालं! हात उजवा की डावा यावर आठवडा गेला. भाई तोपर्यंत गप्प होते. शेवटी त्यांनी लिहिलं, "डावा. उजव्यानं ती पलीकडून दाराचं चाक धरनार, मागं फिरवायला. काचेवर डावाच येतो." वाद तिथंच मिटला. मला वाटलं, काय बारीक नजर आहे माणसाची. इतकंच वाटलं मला.

तारीख आधी दिवाळीची होती, ती नाताळवर गेली, मग जानेवारीवर. तोवर भाईंची मूत्रपिंडं पार थकली होती. आठवड्यातून दोनदा अलिबागला डायलिसिस. बुधवारी भाभी जायच्या, शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी. रिक्षातून जाताना चौल गेलं की भाई विचारायचे, "तारीख पुढं तर न्हाय ना गेली?" एकदा डॉक्टरांनी तपासण्यांचे कागद बघून मान हलवली तेव्हा भाई त्यांना म्हणाले, "साहेब, जानेवारी अखेरपर्यंत ठेवा, मग बघा." डॉक्टरांना वाटलं नातीचं लग्न असेल. पुस्तकाचं सांगायची मला लाज वाटली.

पुस्तक इंग्रजी. भाईंना मराठी, हिंदी, उर्दू येई. इंग्रजी म्हणजे यंत्रांवरच्या पाट्यांपुरतं. म्हणून बेत असा ठरला होता की पुस्तक आलं की रोज एक प्रकरण, दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर अंगणात, मी वाचायचं आणि तिथल्या तिथं मराठीत सांगायचं. माझ्या इंग्रजीवर त्यांचा भरवसा होता, जहाजाच्या ज्ञानावर मुळीच नव्हता. तेव्हा शनिवारी त्या खाटेवर पडल्या पडल्या ते मला शब्द शिकवायचे. डाव्या हातात सुया, नळ्यांतून रक्त बाहेर जातंय आणि परत येतंय, आणि उजव्या हातानं ते हवेत जहाज काढतायत. मी वहीत लिहून घ्यायची. पंप, झडप, आडभिंत, शिडी.

एका शनिवारी दाराची पाळी आली. "ह्या दाराला कडी नसते, बाई. चाक असतं. चाक फिरवलं का चारी अंगांनी खिट्ट्या बसतात." त्यांनी हवेत चाक धरलं आणि फिरवलं. "सात-आठ फेरे लागतात. येकदम न्हाय लागत ते. सात-आठ फेरे. तेवढ्यात मानूस थांबू शकतो, मनात आनलं तर." हात तसाच हवेत राहिला. मी वहीत लिहिलं, चाकाचं दार. आणि म्हटलं, "झालं, कळलं. पुढचा शब्द?"

काय म्हणावं माझ्या अकलेला! त्यांच्या जहाजाला एकदा आग लागली होती हे मला माहीत होतं. बोर्ली पंचतनचा एक जोडीदार खाली इंजिनखोलीत राहिला, परत आला नाही, एवढं त्यांनीच कधीतरी सांगितलं होतं. दर बकरी ईदला ते बोर्लीला त्याच्या आईकडं जायचे, ती म्हातारी होती तोवर. मी ते माणुसकी म्हणून सोडून दिलं. दार भाईंनी लावलं होतं. हुकूम वरून आला होता, पण चाकावर हात यांचे होते. हे मला ते गेल्यावर कळलं. तुम्हाला मी आताच सांगते, म्हणजे मी पुढं काय केलं ते तुम्हाला नीट कळेल.

पुस्तक यायच्या आदल्या आठवड्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. मुंबईत पुस्तकांच्या मोठ्या दुकानात कामाला आहे. दुकानातली सगळी मंडळी रविवारी कॅटॅमरॅननं मांडव्याला सहलीला येणार होती. "बाई, जेट्टीवर या. तुमच्यासाठी काहीतरी आणतेय." मी गेले. बाकीची मंडळी फोटो काढत होती तेवढ्यात तिनं माझ्या हातात कापडी पिशवी दिली. पिशवीत पुस्तक होतं. परीक्षणं लिहिणाऱ्यांसाठी काढलेली आगाऊ प्रत, साध्या पांढऱ्या कव्हराची. "येत्या नाही, त्याच्या पुढच्या गुरुवारपर्यंत कुणाला एक अक्षर बोलायचं नाही हं. माझी नोकरी जाईल." मी तिला म्हटलं, अगं, मी या नियमापायी तीन महिने वनवास भोगलाय, मला काय शिकवतेस.

दोन दिवसांत वाचून काढलं. एकोणिसाव्या प्रकरणात ते दोघं समोरासमोर येतात. सुकाणूवाली जगलेली, अर्धं अंग भाजलेलं. मिस्त्री म्हातारा झालाय. तो तिच्यासमोर उभा राहतो, त्याच्या तोंडातून शब्द फुटत नाही. तीच बोलते. एकच वाक्य. मी ते वहीत मराठीत चार वेळा लिहून खोडलं, पाचव्यांदा जमलं. "मी असते तर मीही लावलं असतं." सहा शब्द. मला रडू आलं आणि लगेच मनात आलं, हे भाईंना वाचून दाखवीन तेव्हा त्यांचं तोंड बघण्यासारखं असेल. मी मनातल्या मनात तो प्रसंग बसवलासुद्धा. कुठं थांबायचं, कुठं चष्मा काढायचा, सगळं.

त्या शनिवारी रिक्षात बसलो. नागाव यायच्या आत भाई म्हणाले, "बाई, तुमी वाचलंय."

"काय वाचलंय?"

"पुस्तक. चार दिवस बघतोय. मी नापास झालोय नि निकाल तुमच्या पिशवीत हाय, असं बघताय माझ्याकडं."

मी हसले. नाकारलं नाही. नाकारता आलं असतं.

ते जरा माझ्याकडं सरकले. "सगळं नका सांगू. ती जगली का मेली तेपन नको. येकच सांगा. ती मिस्त्रीला काय बोलते?"

इतक्या वर्षांत हा माणूस पहिल्यांदा माझ्याकडं काही मागत होता. आणि मला काय सुचावं? मी म्हटलं, "मी मेलो तरी फोडू नका, असं गटात कोण लिहायचं?"

"मीच."

"मग? नियम म्हंजे नियम," मी अगदी त्यांच्या आवाजात म्हटलं. रिक्षावाल्यालासुद्धा हसू आलं. भाईही हसले, थोडंसं. मग बाहेर बघत बसले. बायपासच्या वळणावर हळूच म्हणाले, "बरोबर हाय. माझाच नियम."

विद्यार्थिनीची नोकरी हा बहाणा मी नंतर स्वतःला पुष्कळ वेळा देऊन बघितला. चालत नाही तो. डायलिसिसच्या खाटेवरचा म्हातारा कुणाची नोकरी घालवणार होता, डोंबल? खरं कारण दुसरंच. तीन महिन्यांची परतफेड मला मिळाली होती, आणि ती गोड लागली. त्यात अंगणातला माझा कार्यक्रम बसवून तयार होता, तो मला मोडायचा नव्हता. पाच दिवसांचा तर प्रश्न आहे, असं मी म्हटलं. पाच दिवसांत काय होतंय?

रविवारी दुपारी त्यांना हुडहुडी भरून ताप आला. संध्याकाळी अलिबागला दाखल केलं. सोमवारी शाळा सुटल्यावर मी थेट तिकडं गेले. अतिदक्षता विभागात एकावेळी एकच माणूस, तेही दोन मिनिटं. भाभी बाहेर आल्या, मी आत गेले. तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा, त्याची काच धुरकट झालेली. मला बघून त्यांनी उजवा हात उचलला आणि हवेत फिरवला. एकदा, दोनदा, तीनदा. मग माझ्याकडं बघत राहिले.

मला कळलं ते पुस्तकाचंच विचारतायत. तेवढं नक्की कळलं, खोटं कशाला बोलू. मी वाकून म्हटलं, "गुरुवारी येतंय, भाई. बरे व्हा, मग अंगणात बसून वाचू." नर्सनं वेळ झाली म्हटलं. मी बाहेर आले आणि भाभींना म्हटलं, बरे दिसतायत की. आत दोन मिनिटं होती. सहा शब्दांना किती लागतात?

मंगळवारी सकाळी मी वर्गात हजेरी घेत होते तेव्हा फोन आला. दुपारी नमाजानंतर दफन झालं. कतारहून मुलगा पोचला तो माती देऊन झाल्यावर. मी बायकांमध्ये आतल्या खोलीत बसले होते, भाभींच्या शेजारी. त्या माझा हात धरून होत्या, उलट मीच त्यांचा धरायला हवा होता.

गुरुवारी पुस्तक बाजारात आलं. गटात कुणीतरी भाईंचा फोटो लावला. खाली दिवे, फुलं, हात जोडलेले. मग नवीन कर्त्याधर्त्यानं जाहीर केलं की भाईंच्या स्मरणार्थ नियम आणखी कडक करण्यात येत आहे, तीन महिने कुणीही कादंबरीबद्दल चकार शब्द काढायचा नाही. सगळ्यांनी अंगठे दाखवले. मला फोन भिंतीवर फेकून मारावासा वाटला. मारला नाही. मीही अंगठा दाखवला.

शनिवारी दुपारी भाभींनी निरोप पाठवला. त्यांची इद्दत, नवरा गेल्यावरचे सव्वाचार महिने, सुरू होती, त्या बाहेर पडत नव्हत्या. मी गेले तर त्यांच्यापुढं कुरिअरचं पुडकं. भाईंनी सहा महिन्यांपूर्वी मागवून ठेवलेलं पुस्तक, त्यांच्या नावावर आलेलं. भाभींनी ते फोडलं नव्हतं.

"तुमीच उघडा, बाई. इंग्रजी हाय."

मी उघडलं. काच, डावा हात. भाभी कव्हराकडं बघत राहिल्या आणि मग सांगायला लागल्या, आवाज न चढवता, मला घरातलं एखादं काम सांगावं तसं. जहाज, आग, वरून आलेला हुकूम. दार कुणी लावलं ते. काचेमागं बोर्लीवाल्याचा हात होता ते. लग्न झाल्यापासून भाई झोपेत हात फिरवायचे, त्यावरून त्यांना कळलं होतं. त्यांनी कधी विचारलं नाही, भाईंनी कधी सांगितलं नाही. त्या रविवारी अलिबागला जाताना गाडीत सांगितलं.

"मी बोलले, तुमचा गुन्हा न्हाय. किती येळा बोलले. पन मी बायको. बायको काय, माफच करनार. त्यांना त्या आतल्याकडनं ऐकायचं हुतं. तो तर गेला. मग ह्या बाईकडनं तरी." त्यांनी कव्हरवरच्या हातावर बोट ठेवलं. "सोमवारी रातपर्यंत, मी आत गेले का तोंडावरचं सारून मला बोलत हुते, बाईंना विचार, ती काय बोलली. बाईंना ठाऊक असंल. मी बोलले, बाईंना कसं ठाऊक असनार, पुस्तक कुठं आलंय अजून? तापात बरळतायत असं वाटलं मला. आता बघा जरा. हाय का त्याच्यात काय?"

मी तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं.

पण मी पानं चाळायला लागले. हळूहळू चाळली. मध्येच एखाद्या पानावर थांबले, ओळींवरून बोट फिरवलं, मान हलवली, पुढं गेले. वर्गात मुलं उत्तर शोधल्याचं नाटक करतात ते मी बावीस वर्षं पकडत आलेय, मला ते चांगलं येतं. एकोणिसाव्या प्रकरणापाशी आले. वाक्य डोळ्यांपुढं होतं. मी अडखळत, शब्द शोधत, जणू पहिल्यांदाच मराठी करतेय अशी वाचत गेले. "मी... मी असते तर... मीही लावलं असतं."

भाभी पदर तोंडाला लावून रडल्या, नवरा गेला त्या दिवशी रडल्या नव्हत्या तितकं रडल्या. डोळे पुसून म्हणाल्या, "मेलं, वरातीमागून घोडं. हप्ताभर आधी आलं असतं तर?"

मी पुस्तक मिटलं.

"तुमी तरी काय करनार, बाई? पुस्तकच उशिरा आलं." आणि त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

मी तो फिरवू दिला.

खोलीवर आले आणि रागाच्या भरात ते वाक्य गटात लिहिलं, मराठीत, प्रकरणाच्या आकड्यासकट. नवीन कर्त्याधर्त्यानं मला दोन मिनिटांत बाहेर काढलं, भाईंना लागायचा तेवढाच वेळ. या खेपेला कायमचं. चाळीस माणसांचा विरस झाला असेल, मला त्याचं काही वाटत नाही. त्यांच्यातल्या कुणाला ते वाक्य हवंच होतं असं मला वाटत नाही, त्यांना फक्त वाट बघायची होती.

त्यानंतर दर शुक्रवारी भाभींकडून डबा येतो. कधी सांदणं, कधी कोलंबीची खिचडी. येणाऱ्याजाणाऱ्या बायकांना त्या सांगतात, बाईंनी ह्यांचं लई केलं, शनिवार चुकवला न्हाय कधी. मी भिंतीच्या अलीकडून ऐकते. डबा धुऊन परत पाठवते. दर शुक्रवारी ठरवते की आज सांगायचं, आणि डबा रिकामा करून गप्प बसते. तोंडानं मला ते जमणार नाही, एव्हाना कळून चुकलंय.

भाभींना इंग्रजी येत नाही, पण मराठी त्या पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. म्हणून हे लिहिलं. छापून आलं की पहिली प्रत मीच त्यांच्या हातात नेऊन देणार आहे आणि त्या वाचतील तोवर समोर बसणार आहे. काय घडलं ते अगदी वरच लिहिलंय, भाभी. तुम्हाला तरी तिष्ठावं लागू नये.